'पाट्या टाकल्या' या निवाड्याचा प्रतिवाद

हंगामाच्या अखेरच्या टप्प्यात आपला संघ हरला की त्या पराभवाचे स्पष्टीकरण चाहत्यांच्या तोंडी जवळजवळ तयारच असते, आणि भोपाळमध्ये ते बहुधा शेवटचा फलंदाज तंबूत पोहोचण्याआधीच उच्चारले जाते. जुन्या शहरात 'अरे खाँ, दम ही नहीं था' या शब्दांत, तर अरेरा कॉलनीतल्या किंवा भेलच्या वसाहतीतल्या मराठी घरांत 'पोरांनी पाट्या टाकल्या' या शब्दांत दिला जाणारा हा निवाडा मुळात एकच आहे: मध्य प्रदेशाचा संघ कौशल्यात नव्हे, तर इच्छेत कमी पडला, त्याला जिंकायचेच नव्हते, किंवा जिंकण्याची वेळ आल्यावर त्याचे अवसान गळाले. प्रस्तुत लेखाचा रोख या निवाड्याविरुद्ध आहे, चाहत्यांच्या रागाविरुद्ध नाही. राग समजण्यासारखा असतो, कित्येकदा रास्तही असतो. परंतु त्या रागाला 'जिद्द नव्हती' हे कारण चिकटवले की प्रत्यक्ष मैदानावर काय घडले याची चौकशी तिथेच थांबते, ज्यांना खरोखर जाब विचारायला हवा ते सुटतात, आणि प्रतिस्पर्धी संघही खेळायला आला होता हे साधे सत्य विसरले जाते.

ज्या पराभवाच्या आधारे हा निवाडा अलीकडच्या काळात सर्वात ठाम वाटू शकतो, तो म्हणजे मार्च २०२४ मधला, नागपूरजवळच्या जामठा मैदानावरील रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यातला. राज्यसंघांमधील प्रथम श्रेणीच्या, म्हणजे प्रत्येक संघाला दोन डाव देणाऱ्या बहुदिवसीय स्पर्धेचा हा शेवटून दुसरा टप्पा. बाद फेरीतला हा सामना पाच दिवसांचा असतो. विदर्भाविरुद्ध मध्य प्रदेशाला चौथ्या डावात ३२१ धावांचे लक्ष्य होते. चौथ्या दिवसाचा खेळ थांबला तेव्हा ६ बाद २२८ अशी स्थिती होती, म्हणजे ४ गडी हाताशी असताना ९३ धावा हव्या होत्या. आणि पाचव्या सकाळी उरलेले ४ गडी अवघ्या ३० धावांत बाद होऊन संघ २५८ वर आटोपला व ६२ धावांनी हरला. रात्रभर आशा लावून बसलेल्या प्रेक्षकाला सकाळचा चहा थंड होण्याआधी सामना संपलेला दिसावा, याने तो चिडला तर नवल नाही. त्यातून हा पराभव विदर्भाकडून झालेला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला आली, आणि नागपूरच्या सचिवालयातले कित्येक मराठी कर्मचारी आपले बिऱ्हाड घेऊन भोपाळला आले. त्यांच्या नातवंडांच्या घरात विदर्भ-मध्य प्रदेश सामना हा निव्वळ क्रिकेटचा सामना नसतो. आजोबांची निष्ठा एकीकडे आणि नातवाची दुसरीकडे असते, त्यामुळे हरणाऱ्याला घरातच टोमणे ऐकावे लागतात.

तरीही धावफलक शांतपणे, पहिल्या दिवसापासून वाचला तर पाट्या टाकल्याचा आरोप कुठे ठेवावा हे कळेनासे होते. विदर्भाचा पहिला डाव १७० धावांत गुंडाळला गेला. आवेश खानने ४ बळी घेतले. उत्तरादाखल मध्य प्रदेशाने २५२ धावा केल्या आणि त्यांतल्या निम्म्या, म्हणजे १२६, एकट्या हिमांशू मंत्रीच्या होत्या. ८२ धावांची आघाडी मिळाली. इथवर कोणालाही संघात जिद्दीचा तुटवडा दिसला नव्हता. सामना फिरला तो विदर्भाच्या दुसऱ्या डावात, तिसऱ्या दिवशी. विदर्भाचा निम्मा संघ बाद झाल्यानंतर यश राठोड आणि कर्णधार अक्षय वाडकर यांनी सहाव्या गड्यासाठी दीडशेहून अधिक धावांची भागीदारी केली, तिसऱ्या दिवसअखेर धावसंख्या ६ बाद ३४३ वर नेली, आणि पुढे राठोडच्या १४१ व वाडकरच्या ७७ धावांच्या बळावर विदर्भाने ४०२ धावा उभारल्या. त्याच डावात मध्य प्रदेशाच्या अनुभव अग्रवालने ५ बळी घेतले होते. पाचव्या सकाळी पडलेले ४ गडी हे सामन्याचे कारण नव्हते, ते त्याचे उरलेले हिशेब होते: चौथ्या डावात, चार दिवस तुडवल्या गेलेल्या खेळपट्टीवर, यश दुबे ९४ आणि हर्ष गवळी ६७ धावा करून परतल्यावर उरलेल्या खालच्या फळीने ९३ धावा काढणे ही अपेक्षाच मुळात अवघड होती. चाहत्याला आठवते ती पाचवी सकाळ, कारण ती शेवटची आणि छोटी आहे. तिसऱ्या दिवसाची लांबलचक दुपार, जिथे सामना गेला, ती आठवत नाही, कारण तिथे एकही नाट्यमय क्षण नव्हता, फक्त दोन माणसे तासन्‌तास बाद होत नव्हती.

आणखी एक पुरावा याच निवाड्याच्या विरुद्ध जातो आणि तो अगदी जवळचा, त्याच आठवड्यातला आहे. नागपूरच्या सामन्याआधी, फेब्रुवारीच्या अखेरीस, याच मध्य प्रदेशाने इंदूरच्या होळकर मैदानावर आंध्रविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना ४ धावांनी जिंकला होता. पहिल्या डावात २३४ आणि दुसऱ्या डावात केवळ १०७ धावा करणाऱ्या या संघाने आंध्रपुढे १७० धावांचे माफक लक्ष्य ठेवले आणि आंध्रला १६५ वर रोखले; अनुभव अग्रवालने ६ बळी घेतले. हातातून गेलेला सामना खेचून आणणाऱ्या या संघात त्या वेळी जिद्द ओसंडून वाहत होती असे म्हणायचे, तर मग ४ दिवसांच्या अंतराने सुरू झालेल्या सामन्यात ती कुठे आटली? माणसाचा स्वभाव आठवड्याभरात बदलत नाही. खेळपट्टी, नाणेफेक, प्रतिस्पर्धी आणि थकवा मात्र बदलतात. आणि आंध्रच्या शेवटच्या जोडीला एखादा षटकार मिळाला असता, तर याच विजयी संघाला उपांत्यपूर्व फेरीतच 'कच खाल्ली' हे ऐकावे लागले असते. स्वभावाविषयीचा निष्कर्ष जर ४ धावांवर अवलंबून असेल, तर तो स्वभावाविषयीचा निष्कर्ष नव्हे, निकालाचेच ते दुसरे नाव होय.

हे दुसरे नाव किती लवचीक असते, हे त्यानंतरच्या आठवड्यात दिसले. मध्य प्रदेशाला हरवून विदर्भ अंतिम फेरीत पोहोचला आणि वानखेडे मैदानावर मुंबईकडून १६९ धावांनी हरला. ५३८ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य असताना करुण नायरने ७४, वाडकरने १०२ आणि हर्ष दुबेने ६५ धावा केल्या, आणि पाचव्या दिवशी उपाहारापर्यंत मुंबईला घाम फुटला होता, ही गोष्ट खरी आहे. पण ३५३ धावसंख्येपासून, वाडकर धरून, त्या संघाचे अखेरचे ५ गडी १५ धावांत गेले, हीही गोष्ट तितकीच खरी आहे. मध्य प्रदेशाच्या ४ गड्यांना ३० धावा लागल्या तर ते ढेपाळणे, आणि विदर्भाच्या ५ गड्यांना १५ धावा लागल्या तर ती झुंज, असा हा न्याय आहे. फरक खेळात नव्हता. फरक अपेक्षेत होता. ज्याच्याकडून विजयाची आशा नव्हती त्याचा पराभव शूर ठरतो, आणि ज्याच्याकडून होती त्याचा भ्याड. इतिहासातही हेच दिसते. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात इंदूरचा होळकर संघ मुंबईकडून ३७४ धावांनी हरला. ८६७ धावांचे लक्ष्य समोर असताना त्याने ४९२ धावा केल्या, मुश्ताक अलीने दोन्ही डावांत शतके काढली आणि डेनिस कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला. हा दणदणीत पराभव माळव्यात आजही अभिमानाने सांगितला जातो, आणि तो अभिमान योग्यच आहे; फक्त मग ६२ धावांच्या पराभवाला लाज चिकटवण्याचा अधिकार कोणत्या तर्काने उरतो, हे कोणी सांगत नाही.

या निवाड्याचा सर्वात जुना आणि सर्वात हट्टी आधार मात्र नागपूरचा नाही, बंगळुरूचा आहे. एप्रिल १९९९ मध्ये चिन्नास्वामी मैदानावर चंद्रकांत पंडित यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेशाचा संघ कर्नाटकाविरुद्ध रणजीचा अंतिम सामना खेळला. कर्नाटकाच्या ३०४ धावांना उत्तर देताना मध्य प्रदेशाने ३७९ धावा करून ७५ धावांची आघाडी मिळवली. इथे एक नियम ध्यानात घेतला पाहिजे: बाद फेरीतला सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेतलेला संघ विजयी ठरतो. म्हणजे दुसऱ्या डावात कर्नाटकाने ३२१ धावा केल्यावर मध्य प्रदेशाला २४७ धावा काढण्याची सक्ती नव्हती. शेवटच्या दिवशी खेळ संपेपर्यंत टिकून राहिले तरी करंडक त्यांचाच होता. संघ १५० धावांत बाद झाला, विजय भारद्वाजच्या फिरकीने ६ बळी घेतले, आणि ९६ धावांनी सामना गेला. मध्य प्रदेशाचा पहिला रणजी करंडक त्या दुपारी निसटला, आणि तेव्हापासून 'आमचा संघ ऐन वेळी नांगी टाकतो' ही समजूत राज्याच्या क्रिकेटला चिकटली.

ही समजूत तपासायची, तर त्या दिवशीच्या फलंदाजांपुढे काय पर्याय होते ते पाहावे लागते. टिकून राहण्यासाठी खेळणारा फलंदाज बाहेरून नेहमीच निरुत्साही दिसतो, कारण त्याचे काम चेंडू अडवणे आणि सोडणे हेच असते. त्याभोवती चार-पाच क्षेत्ररक्षक हातभर अंतरावर उभे असतात, आणि वळणाऱ्या चेंडूवर एकदा बॅटची कड लागली की त्याचा संयम भित्रेपणा ठरतो. त्याने उलट फटके मारले असते आणि सीमारेषेवर झेल दिला असता, तर तो बेजबाबदारपणा ठरला असता. दोन्हीकडून दोषी ठरवणारा आरोप हा निरीक्षणातून आलेला नसतो. याची खातरजमा करायला फार लांब जावे लागत नाही. मार्च २०२५ मध्ये नागपुरातच केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात विदर्भाला पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी होती, आणि शेवटच्या दिवशी त्यांनी दुसरा डाव घोषित न करता ९ बाद ३७५ पर्यंत फलंदाजीच केली. सामना अनिर्णित राहिला व करंडक विदर्भाला मिळाला. १९९९ साली मध्य प्रदेशाला जे करायचे होते तेच हे, फक्त इथे ते साधले, म्हणून ते पोक्त आणि मुरब्बी ठरले. मध्य प्रदेशाने स्वतः जून २०२२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या ३७४ धावांविरुद्ध १७७ षटकांहून अधिक काळ फलंदाजी करून ५३६ धावा केल्या, म्हणजे षटकामागे जेमतेम ३ धावांची गती. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांची शतके झाली, सामना ६ गडी राखून जिंकला गेला, आणि त्या सावकाशीला 'शिस्त' हे नाव मिळाले. हरले असते तर तीच सावकाशी 'बोथट' ठरली असती, हे कोणत्याही प्रामाणिक चाहत्याला नाकारता येणार नाही.

२०२२ च्या त्या विजयाभोवती जी कथा विणली गेली, तिच्याशीही इथे भांडणे भाग आहे, कारण ती ऐकायला गोड आहे आणि म्हणूनच अधिक फसवी आहे. १९९९ चा कर्णधार पंडित २३ वर्षांनी प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर परतला, करंडक जिंकला, त्याचे डोळे पाणावले, आणि जुने ऋण फिटले, असे तिचे स्वरूप. माणसाच्या भावना खऱ्या आहेत आणि त्यांवर कोणी बोट ठेवू नये. पण ऋण फिटले असे म्हणण्यासाठी आधी ऋण होते असे मानावे लागते, म्हणजे १९९९ च्या संघाने काहीतरी अपराध केला होता आणि त्याचे प्रायश्चित्त बाकी होते असे गृहीत धरावे लागते. देवेंद्र बुंदेलासारखा खेळाडू त्या सामन्यानंतर जवळजवळ दोन दशके मध्य प्रदेशासाठी रणजी खेळत राहिला, सर्वाधिक रणजी सामन्यांचा विक्रमही काही काळ त्याच्या नावावर होता; एका दुपारच्या फिरकीवरून त्याच्या पिढीला 'दम नव्हता' म्हणणे हा कृतघ्नपणाच होय. पंडितांचे २०२२ चे यश हे चांगल्या निवडीचे, लांबच्या तयारीचे आणि कडक शिस्तीचे फळ होते. त्याआधी २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये विदर्भाला त्यांनी सलग दोनदा विजेते केले, तेव्हा तिथे कोणतेच जुने ऋण नव्हते. तरीही पद्धत तीच होती आणि निकालही तोच आला.

निकालावरून हेतू ठरवण्याची ही सवय भोपाळची किंवा क्रिकेटची खास नाही, आणि तिच्या मुळाशी असलेल्या प्रवृत्तीला मानसशास्त्रात फार पूर्वी नाव मिळाले आहे. एखाद्या निर्णयाचा दर्जा तो घेताना उपलब्ध असलेल्या माहितीवरून न ठरवता त्याच्या परिणामावरून ठरवणे, याला परिणामाचा पूर्वग्रह म्हणतात. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये दाखवले की, शल्यवैद्याचा तोच निर्णय रुग्ण दगावल्याचे कळल्यावर लोकांना वाईट वाटतो आणि रुग्ण वाचल्याचे कळल्यावर चांगला. याला जोडून दुसरी प्रवृत्ती येते: दुसऱ्याच्या अपयशाचे कारण परिस्थितीत न शोधता त्याच्या स्वभावात शोधणे. चाहत्याच्या बाबतीत तिसरीही एक गोष्ट भर घालते. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून नोंदवले की आपला संघ जिंकला की विद्यार्थी 'आपण जिंकलो' म्हणतात आणि हरला की 'ते हरले'. पराभवाचा दोष खेळाडूच्या मनात नेऊन ठेवणे ही त्या दुराव्याचीच पुढची पायरी आहे. कौशल्य कमी पडले असे म्हटले तर ते 'आपले'ही कमीपण ठरते. जिद्द नव्हती असे म्हटले की ते फक्त त्यांचे राहते.

याचे सर्वात बोलके उदाहरण बेसबॉलमध्ये सापडते. अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक लीगमध्ये प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, आणि २०११ पर्यंत गटविजेत्यांखेरीज सर्वोत्तम उपविजेत्याला 'वाइल्ड कार्ड' या नावाने बाद फेरीत प्रवेश मिळत असे. २०११ मध्ये बॉस्टन रेड सॉक्स संघ ३ सप्टेंबर रोजी या प्रवेशासाठीच्या शर्यतीत टँपा बे संघाच्या ९ सामने पुढे होता, आणि तरीही सप्टेंबरमध्ये ७ विजय व २० पराभव अशी त्याची वाताहत झाली. २८ सप्टेंबरच्या रात्री बाल्टिमोरकडून शेवटच्या सामन्यात ४-३ ने हरून तो बाहेर पडला, आणि त्याच रात्री ७-० ने मागे पडलेला टँपा बे जिंकून आत गेला. यानंतर शहराला जे कारण पटले, ते असे: संघाचे काही आघाडीचे चेंडूफेके स्वतःची पाळी नसलेल्या दिवशी, सामना चालू असताना, ड्रेसिंग रूममध्ये बिअर पीत तळलेले कोंबडीचे मांस खात बसत. वृत्तपत्रांत हे छापून आले, खेळाडूंनी त्यातले बरेचसे मान्यही केले, व्यवस्थापक टेरी फ्रँकोना पायउतार झाले, आणि कोंबडी-बिअर हे त्या पराभवाचे अधिकृत स्पष्टीकरण होऊन बसले. त्याच हंगामात क्ले बुकहोल्झ हा चेंडूफेक्या जूनपासून दुखापतीने बाहेर होता, आणि जॉन लॅकी कोपराचा स्नायुबंध निकामी झालेला असताना खेळत होता, ज्याच्यावर हंगाम संपताच शस्त्रक्रिया करावी लागली व २०१२ चे पूर्ण वर्ष त्याला बाहेर बसावे लागले. पण कोपर हे फारच नीरस कारण आहे, कोंबडी चविष्ट. दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, बॉस्टनने विश्वमालिका जिंकली. तिच्या पहिल्या आणि पाचव्या सामन्यात जॉन लेस्टर जिंकला, आणि करंडक निश्चित करणाऱ्या सहाव्या सामन्याचा विजयी चेंडूफेक्या होता जॉन लॅकी. दोघांचीही नावे त्या कोंबडी-बिअरच्या यादीत अग्रभागी होती.

या प्रतिवादावर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. चाहता वर्षानुवर्षे सामने पाहतो, खेळाडूंची चालण्याची ढबही त्याला ओळखता येते. क्षेत्ररक्षक चेंडूमागे धावतो की चालतो हे त्याला कळत नाही काय? कळते, निःसंशय कळते. आळसाने सोडलेला झेल, सरावात दांडी मारणारा खेळाडू, लीगमधल्या निर्णयशून्य शेवटच्या सामन्यात वेळ काढणारा संघ, या गोष्टी अस्तित्वात आहेत आणि त्यांवर बोट ठेवणे योग्यच आहे. परंतु तसे करायचे तर तो झेल, तो दिवस, तो खेळाडू दाखवून द्यावा लागतो. 'दम ही नहीं था' म्हणणारा असे काहीच दाखवत नाही; तो संपूर्ण संघाच्या अंतःकरणाविषयी, पन्नास यार्डांवरून, निकाल लागल्यानंतर बोलतो. दुसऱ्या टोकाला, 'खेळ आहे, हार-जीत व्हायचीच, चाहत्यांनी टीका करू नये' असे सांगणाऱ्या सोज्वळ उपदेशालाही या लेखात थारा नाही. तो उपदेश बहुतेकदा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांकडून येतो आणि त्यांच्याच सोयीचा असतो.

कारण विचारण्यासारखे प्रश्न पुष्कळ आहेत, आणि 'जिद्द नव्हती' हे उत्तर त्या सर्वांना झाकून टाकते. नागपूरच्या सामन्यात मध्य प्रदेशाचा सर्वात भरवशाचा फलंदाज रजत पाटीदार भारतीय कसोटी संघासोबत होता. राष्ट्रीय संघाच्या राखीव बाकावर बसलेला फलंदाज राज्याच्या सर्वात मोठ्या सामन्यासाठी सोडायचा की नाही, याचा निर्णय कोण आणि कोणत्या निकषावर करते? त्याच आठवड्यात मुंबईच्या शार्दूल ठाकूरने उपांत्य सामन्यानंतर जाहीरपणे सांगितले की, दोन रणजी सामन्यांमध्ये ३ दिवसांचे अंतर ठेवल्याने वेगवान गोलंदाज जायबंदी होतील; हे वेळापत्रक आखणाऱ्याला किती चाहत्यांनी पत्र लिहिले? २०२४ मध्ये राज्याची फ्रँचायझी स्पर्धा सुरू झाली, तिच्यात भोपाळ लेपर्ड्स नावाचा संघ उतरला, आणि सगळे सामने ग्वाल्हेरला झाले. राज्यसंघाचे घरचे सामने मुख्यत्वे इंदूरला. राजधानीतल्या प्रेक्षकाला स्वतःच्या संघाचा तिसरा दिवस कधी डोळ्यांनी पाहायलाच मिळत नसेल, तर पाचव्या सकाळच्या धावफलकावरून तो स्वभाव वाचणार, यात आश्चर्य ते काय. हा प्रश्न इंदूरविरुद्ध भोपाळ असा उभा करणे मात्र तितकेच उथळ ठरेल. २०२२ चा विजेता कर्णधार आदित्य श्रीवास्तव भोपाळचाच होता.

या निवाड्याची किंमत किती मोठी असू शकते, हे भोपाळने क्रिकेटमध्ये नव्हे, हॉकीत अनुभवले आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिक संघात अहमद शेर खान होते. त्यांचे पुत्र अस्लम शेर खान यांनी १९७५ च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरून, अखेरच्या मिनिटांत पेनल्टी कॉर्नरवर बरोबरीचा गोल केला, आणि भारताने पुढे तो चषक जिंकला. ती भोपाळची सर्वात लाडकी जिद्दीची कहाणी आहे. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्याच कर्णधाराच्या, अजितपाल सिंग यांच्या, नेतृत्वाखालचा भारत सातव्या क्रमांकावर राहिला आणि ऑलिंपिक हॉकीत प्रथमच पदकाविना परतला. एका वर्षात जिद्द संपली नव्हती. बदलली होती ती जमीन: माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली, जिथे चेंडू मातीपेक्षा कितीतरी वेगाने आणि सरळ धावतो, मनगटी ड्रिब्लिंगचा फायदा घटतो आणि दमसास व जोरकस फटका यांचे मोल वाढते. भोपाळची पोरे कच्च्या मैदानांवर, उसळणाऱ्या चेंडूशी खेळून तयार होत होती. त्यांच्या पिढ्यांना पुढे दशकानुदशके 'आजच्या पोरांत पूर्वीची आग नाही' असे ऐकवले गेले, आणि तो आरोप जितका वेळ रंगला तितका वेळ कृत्रिम मैदाने कधी, कुठे आणि किती टाकली जाणार, हा रुक्ष, खर्चिक प्रश्न मागे राहिला.

नागपूरच्या सामन्याकडे परतायचे तर त्यातला सर्वात दुर्लक्षित माणूस मध्य प्रदेशाचा नाहीच. आपला संघ जिद्द असती तर जिंकलाच असता, असे मानणारा चाहता नकळत असेही मानतो की समोरच्या संघाने काही केले नाही, त्याला फक्त भेट मिळाली. तिसऱ्या दिवसअखेर ९७ धावांवर नाबाद राहिलेला आणि चौथ्या दिवशी १४१ पर्यंत गेलेला यश राठोड या हिशेबात कुठेच येत नाही. त्याच राठोडने पुढच्या हंगामात, २०२४-२५ मध्ये, ९६० धावा करून रणजीतला सर्वाधिक धावांचा फलंदाज होण्याचा मान मिळवला, आणि त्याच हंगामात विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातील बळींचा विक्रम मोडला. मार्च २०२४ मध्ये मध्य प्रदेश ज्या संघापुढे हरला, तो संघ असा होता.